सूक्ष्मलहरी प्रारण आणि वाढता मेंदू

सुमारे ३०० मेगाहर्ट्‌झ ते ३०० गिगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या (फ्रिक्वेन्सीच्या) विद्युतचुंबकीय लहरींना सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) म्हणतात; त्यांच्या रूपाने बाहेर पडणारी ऊर्जा म्हणजे त्यांचे प्रारण (रेडिएशन). मोबाइल, वाय-फाय, मायक्रोवेव्ह ओव्हन ही सारी याच पट्ट्यातली. क्ष-किरणांसारखे रेणूंचे बंध तोडण्याचे बळ त्यांच्यात नसते. ऊतकांतील (शरीरातील पेशीसमूहांतील) पाण्याचे रेणू हलवून ऊतक तापवणे, हा त्यांचा निर्विवाद परिणाम.

मुलांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. त्यांच्या कवटीचे हाड पातळ असते, मेंदूत पाण्याचा अंश जास्त असतो आणि चेतातंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे संरक्षक आवरण चढणे विशीपर्यंत चालूच राहते. तोच फोन कानाला लावला, तर मुलाच्या मेंदूत शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मात्रा प्रौढाच्या सरासरी दुप्पट आणि कवटीच्या अस्थिमज्जेतील दहापटीपर्यंत असते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये नोंदवले. या प्रारणाला ‘संभाव्य कर्करोगकारक’ (२ ब), म्हणजे पुरावा मर्यादित पण शक्यता नाकारता न येणाऱ्या गटात टाकले तेही तेव्हाच.

२०१२ मध्ये येल विद्यापीठातील प्रयोगात, गर्भात असताना फोनच्या प्रारणाला सामोऱ्या गेलेल्या उंदरांमध्ये पुढे अतिचंचलता आणि स्मरणातील उणेपणा आढळला. पण उंदराचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा. तो निष्कर्ष माणसाच्या बाळाला जसाच्या तसा लावणे चूकच. भारतासह १४ देशांत, १० ते २४ वर्षे वयोगटात झालेल्या ‘मोबी-किड्स’ अभ्यासात (२०२१) फोनचा वापर आणि मेंदूतील गाठी यांचा संबंध दिसला नाही. हा दिलासा गाठींपुरता आहे; एकाग्रता, झोप, शिकणे यांविषयीचा प्रश्न त्याने मिटत नाही.

नाशिकमध्ये गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको अशा दाट वस्तीत पालकांची नजर आधी शेजारच्या गच्चीवरील टॉवरकडे जाते. काळजी रास्त आहे, पण मेंदूपर्यंत पोहोचणारी बहुतेक ऊर्जा कानाशी धरलेल्या फोनची असते, कारण अंतर वाढले की तीव्रता झपाट्याने घटते. शिवाय रेंज कमी असेल तिथे फोन स्वतःची प्रक्षेपणशक्ती वाढवतो. म्हणून पेठ-सुरगाण्याच्या डोंगरपाड्यांवर किंवा कसारा घाटातून जाताना, एकच दांडी दिसत असताना केलेला कॉल शहरातल्या कॉलपेक्षा डोक्याला जास्त मात्रा देऊ शकतो. टॉवर हटवून रेंज पडली, तर मुलाच्या कानाशी असलेला फोनच अधिक जोर लावील.

भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश करण्यात आली. हँडसेटसाठी मर्यादा शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेच्या दरावर (एसएआर) आहे: एक ग्रॅम ऊतकावरील सरासरी काढून १.६ वॉट प्रतिकिलोग्रॅम. बहुतेक हँडसेटवर *#०७# डायल केल्यास त्या फोनचा एसएआरचा आकडा दिसतो. लहान मुलांना आजी-आजोबांशी बोलायला द्यायचे तर स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवावा. गरोदरपणीही तो पोटाशी न ठेवता पर्समध्ये ठेवणे सहज जमते.