सिगारमध्ये ज्वालामुखी कुठून येतो?

एका मित्राला कुणीतरी परदेशातून पाच सिगारांची पेटी आणून दिली. पाच देशांची तंबाखू, शेजारी शेजारी झोपवलेली, आणि सोबत गुळगुळीत कागदावरचं एक पत्रक. निकाराग्वाच्या सिगारपुढे लिहिलं होतं, ‘ज्वालामुखीच्या मातीची धगधगती चव’. डॉमिनिकन सिगार ‘रेशमी’. मेक्सिकोच्या काळ्याकुट्ट वेष्टनाच्या सिगारपुढे, ‘सर्वांत कडक, फक्त जाणकारांसाठी’. मी तंबाखू ओढत नाही, पण पानांच्या रसायनशास्त्राचं वेड जुनं आहे. त्यामुळे मित्र सिगार हुंगत बसला आणि मी ते पत्रक वाचत बसलो. दोनच वाक्यांत दोन मोठ्या गफलती सापडल्या.

काळ्या सिगारची गफलत आधी निस्तरू. कडकपणा म्हणजे निकोटिन, आणि निकोटिनला रंग नसतो. वेष्टनाचं पान काळं होतं ते जास्त दिवस, जास्त उष्णतेत आंबवल्यामुळे. स्पॅनिश भाषेत त्याला ‘मादुरो’ म्हणतात, म्हणजे पिकलेलं. या आंबवण्यात निकोटिन वाढत नाही, उलट थोडं उडूनच जातं. शिवाय वेष्टन म्हणजे सिगारचा अंगरखा. वजनाचा मोठा भाग असतो आतल्या भरणाचा, आणि ते भरण रोपाच्या कुठल्या उंचीवरच्या पानांचं आहे यावर कडकपणा ठरतो. क्यूबातले लोक भरणाच्या पानांना खालून वर ‘वोलादो’, ‘सेको’ आणि ‘लिहेरो’ म्हणतात. वोलादो चांगलं जळतं, सेको सुगंध देतं आणि शेंड्याजवळचं लिहेरो डोकं गरगरवतं. ‘लिहेरो’चा अर्थ मात्र ‘हलकं’! सिगारच्या दुनियेत शब्दांवर विश्वास ठेवू नये, याचा हा पहिला धडा.

शेंड्याच्याच पानात निकोटिन जास्त का? ते पानात तयारच होत नाही, मुळांत होतं. १९४०च्या दशकात यावर एक सुंदर प्रयोग झाला. तंबाखूच्या मुळांवर टोमॅटोचं कलम बांधलं, तर टोमॅटोच्या पानांत निकोटिन आलं. टोमॅटोच्या मुळांवर तंबाखूचं कलम बांधलं, तर तंबाखूची पानं जवळपास निकोटिनमुक्त निघाली. मुळांत बनलेलं हे विष पाण्याबरोबर वर चढतं आणि पानांत साठतं. किड्याने पान कुरतडलं की रोप जॅस्मोनेट नावाचा संदेश खाली पाठवतं आणि मुळांतला कारखाना जोरात सुरू होतो. शेतकरी फुलोरा येताच शेंडा खुडतो, तेव्हाही रोपाला वाटतं की हल्ला झाला. फूल गेलं, बी धरायचं राहिलं, आता सगळा माल वरच्या पानांत. सिगारचा कडकपणा हा असा एका घाबरलेल्या झाडाचा बंदोबस्त आहे.

आता ज्वालामुखी. निकाराग्वात एस्तेली, हालापा आणि ओमेतेपे हे तंबाखूचे प्रसिद्ध भाग. त्यातलं ओमेतेपे तर सरोवरातलं बेट, दोन ज्वालामुखींनी बनलेलं. तिथली माती सुपीक आहे यात वाद नाही. पण मातीची ‘चव’ मुळांतून वर चढून पानात बसत नाही. झाड मातीतून पाणी आणि आयन घेतं, राखेचा सुवास घेत नाही. त्यातला नायट्रोजन महत्त्वाचा, कारण निकोटिनच्या प्रत्येक रेणूत नायट्रोजनचे दोन अणू लागतात. नायट्रोजनने श्रीमंत जमीन आणि कडक ऊन मिळालं तर पान जाड आणि जोरकस होणारच. पोटॅशियम भरपूर असेल तर पान संथ आणि एकसारखं जळतं. क्लोरीन जास्त झालं तर सिगार पुन्हा पुन्हा विझतो. तंबाखूचं रोप क्लोराइड हावरटासारखं शोषतं, म्हणून तंबाखूचे जाणते शेतकरी म्युरिएट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, टाळून सल्फेट ऑफ पोटॅश वापरतात. पांढरी, घट्ट राख म्हणजे उत्तम तंबाखू, असं शौकीन मानतात. तो रंग मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा हिशेब सांगतो. माती सिगारमध्ये बोलते खरी, पण बहुतेक वेळा जळण्याबद्दल बोलते.

आणि ‘मूळ देश’ ही गोष्टही वाटते तितकी सरळ नाही. अमेरिकेच्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कापडी मांडवाखाली तंबाखू पिकवतात. हेतू हा की इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्यासारखं पातळ, नाजूक शिरांचं पान मिळावं. पुढे त्याच कनेक्टिकटचं बियाणं इक्वेडोरला गेलं. तिथे मांडव लागत नाही, आकाशातले ढगच तो घालतात. क्यूबातलं बियाणं होंडुरास, निकाराग्वा आणि डॉमिनिकन रिपब्लिकच्या सिबाओ खोऱ्यात पोहोचलं. १९६० साली क्यूबात कारखान्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, अनेक जुनी तंबाखू घराणी देश सोडून गेली आणि बरोबर बियाणं व हातातली कला घेऊन गेली. मग ‘क्यूबाची तंबाखू’ नक्की कुठली? क्यूबाच्या पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्टा अबाहो या नावाजलेल्या तंबाखूच्या भागाची जमीन तीच राहिली, पण तिथलं बियाणंही नंतर बदललं. निळ्या बुरशीच्या रोगाने १९८०च्या सुमारास पीक झोपवलं आणि पुढे रोगाला दाद न देणारे संकरित वाण आले.

तरीही क्यूबाच्या नावाची जादू उतरत नाही, आणि याला जमिनीइतकंच राजकारण जबाबदार आहे. फेब्रुवारी १९६२मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाच्या मालावर बंदी घातली. त्यांचे माध्यम सचिव पिएर सॅलिंजर यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी, की सहीच्या आदल्या संध्याकाळी केनेडींनी त्यांना सिगार गोळा करायला पिटाळलं आणि १,२०० सिगार हाती आल्यावरच सही केली. बंदी घातलेल्या वस्तूची चव नेहमीच वाढते. तिला कुठलंही खत लागत नाही.

मग वास येतो कुठून? इथे मी रमणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

हिरव्या तंबाखूच्या पानाला सिगारचा वास अजिबात नसतो. पान तोडून सावलीच्या, हवेशीर कोठारात टांगतात. पहिले काही दिवस ते जिवंतच असतं, फक्त उपाशी. साठवलेल्या पिष्टाची साखर करतं आणि ती साखर श्वसनात संपवून टाकतं. हरितद्रव्य मोडतं, पान पिवळं पडतं. पेशी मरू लागल्या की त्यांच्यातले पडदे फाटतात आणि कापलेलं सफरचंद ज्या प्रक्रियेने तपकिरी होतं तीच इथे सुरू होते. दीड-दोन महिन्यांनी तपकिरी पानं उतरवून, किंचित ओलसर करून त्यांचे मोठे ढीग रचतात. ढिगाला कुणी आग लावत नाही, तो आपोआप तापतो. जिवाणू आणि पानात उरलेली विकरं (एन्झाइम) कामाला लागतात आणि आतलं तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास, कधी त्याच्याही वर जातं. मर्यादा ओलांडायच्या आत ढीग मोडून आतली पानं बाहेर, बाहेरची आत असा पुन्हा रचतात. महिनोन्‌महिने हेच चालतं. त्या कोठारात अमोनियाने डोळ्यांत पाणी येतं, कारण पानातली प्रथिनं मोडत असतात.

या सगळ्या गोंधळात माझा आवडता रेणू तुटतो. पानात हरितद्रव्याच्या शेजारी कॅरोटिनॉइड असतात, गाजराला रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीनचं हे कुटुंब. त्यांचं काम पानाला उन्हापासून वाचवणं. बीटा-कॅरोटीन म्हणजे ४० कार्बन अणूंची लांब साखळी, एक सोडून एक दुहेरी बंधांची, दोन्ही टोकांना एकेक कडं. रेणूभार ५३६. इतका अवजड रेणू हवेत उडू शकत नाही, त्यामुळे त्याला वास नाही. नाकापर्यंत पोहोचला तर वास. आता ही साखळी एका टोकाकडून नवव्या आणि दहाव्या कार्बनच्या मधल्या दुहेरी बंधावर तुटली, तर कडं आणि त्याची आखूड शेपटी मिळून १३ कार्बनचा तुकडा सुटतो. रेणूभार १९२. हा उडतो. त्याचं नाव बीटा-आयोनोन, आणि त्याला व्हायोलेटच्या फुलांचा वास येतो. ग्रीक भाषेत ‘आयॉन’ म्हणजे व्हायोलेट, नाव तिथूनच आलं.

कॅरोटिनॉइड वेगळं असेल, कड्यावर ऑक्सिजन कुठे चिकटला आहे ते वेगळं असेल, किंवा तुकडा सुटल्यावर त्यातून पाणी निघून गेलं, तर दर वेळी नवा वास. निओझँथिन या कॅरोटिनॉइडच्या वाटेने बीटा-डॅमॅसेनोन मिळतं, जे गुलाबाच्या अत्तरातही आहे आणि पाण्यात एक लाख कोटी भागांत दोन भाग असलं तरी नाकाला कळतं. ल्युटीन या दुसऱ्या कॅरोटिनॉइडच्या बाजूने ३-ऑक्सो-अल्फा-आयोनॉल बनतं, ते निर्जलीकरणाने मेगास्टिग्माट्रायईनोन होतं. त्याचे चार समघटक आहेत, दुहेरी बंधांच्या दिशा तेवढ्या वेगळ्या, आणि ‘हा तंबाखूचा वास’ असं आपण ज्याला म्हणतो त्यात यांचा हात मोठा. पानावरच्या चिकट लवेतून पाझरणारी २० कार्बनची सेंब्रानॉइड द्रव्यं तुटून सोलॅनोन होतं, ते वेगळंच प्रकरण. इथपर्यंत आलात ना? नसाल आलात तर एवढंच लक्षात ठेवा: उन्हापासून बचावासाठी पानाने जमवलेली छत्री मोडते आणि तिच्या काड्यांना वास येतो.

पाच देशांच्या पानांत फरक पडतो तो इथे. उघड्या उन्हात वाढलेल्या पानाला अशा संरक्षक रंगद्रव्यांची गरज हरितद्रव्याच्या मानाने जास्त लागते आणि लवेतला चिकट पाझरही जास्त असतो. मांडवाखालच्या किंवा ढगांखालच्या पानाकडे मोडायला मालच कमी, म्हणून त्याचा वास सौम्य, गवताळ. मग कोठारातली हवा किती दमट, ढीग किती तापला, किती वेळा मोडला, कुणी किती महिने थांबायची तयारी ठेवली हे सगळं त्यावर चढतं. माझ्या मते पत्रकावर देशाच्या नावाआधी ढिगाचं तापमान छापायला हवं.

उपाशी पानाने साखर संपवली होती, तिचा हिशेब अजून बाकी आहे. सिगारेटसाठी बरीचशी तंबाखू भट्टीच्या उष्णतेत झटपट सुकवतात, त्यामुळे तिच्यात साखर शिल्लक राहते. ती जळताना आम्लं होतात आणि धुराचा सामू (पीएच, ७च्या खाली आम्ल, वर अल्कली) ६च्या आसपास राहतो. सिगारच्या पानात साखर नावापुरती आणि अमोनिया भरपूर, म्हणून त्याच्या धुराचा सामू ओढता ओढता वाढत ८च्या पुढे जातो. सामू ८ला निकोटिनचे साधारण निम्मे रेणू विद्युतभाररहित असतात, ८.५ला तीन चतुर्थांश, ६ला मात्र जेमतेम एक टक्का. भाररहित रेणूच तोंडाच्या अस्तरातून सहज आत शिरतात. म्हणून सिगारचा धूर नुसता तोंडात घोळवला तरी निकोटिन रक्तात पोहोचतं, आणि म्हणूनच ‘शेवटचा तिसरा भाग चढतो’ असं शौकीन सांगतात. ‘आम्ही धूर आत घेतच नाही’ हा बचाव इथेच कोसळतो.

‘शुद्ध पान, रसायनं नाहीत, हळुवार आंबवलेलं’ हा दुसरा बचाव तर मला जास्त खटकतो. सुकवताना आणि आंबवताना जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, नायट्राइट तंबाखूतल्या निकोटिनसारख्या अल्कलॉइडना भेटतं आणि एनएनएन व एनएनके नावाचे नायट्रोसामाइन तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दोन्ही माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलेले आहेत. ते बनतात सुगंध बनतो त्याच कोठारात. आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते.

उरला आवडीचा प्रश्न. एकाला डॉमिनिकन ‘रेशमी’ वाटतो, दुसऱ्याला तोच बेचव. यात सवय, किंमत, पेटीवरचं चित्र हे सगळं येतंच, पण मुळात आपली नाकंच सारखी नाहीत. बीटा-आयोनोन ओळखणारा एक ग्राहक, म्हणजे वासाचा रेणू पकडणारं प्रथिन (रिसेप्टर), आपल्या नाकात असतो, त्याच्या जनुकाचं नाव ओआर५ए१. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की या जनुकातलं एकच अक्षर बदललं तर माणूस बीटा-आयोनोनच्या बाबतीत जवळजवळ आंधळा होतो. ज्यांचा ग्राहक शाबूत आहे त्यांना फुलांचा वास येतो. बाकीच्यांना तो फार दाट केल्याशिवाय कळतच नाही, आणि कळला तर आंबट, झोंबरा लागतो. अशी दोन माणसं एकाच सिगारवरून भांडली तर दोघंही खरं बोलत असतात.

हे सगळं सांगून झाल्यावर मित्राने तो न पेटवलेला निकाराग्वाचा सिगार माझ्या नाकाखाली धरला. त्याला वाळलेलं गवत आणि मागे कुठेतरी फुलं, असा वास येत होता. मी दोनदा, तीनदा हुंगला. मला फक्त व्हिनेगर. आंबवलेल्या पानात अॅसेटिक आम्ल खरोखरच असतं, त्यामुळे यावरून माझ्या जनुकाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, असं मी त्याला लगेच ऐकवलं. तो हसला आणि पेटी बंद करून घेऊन गेला.