असाइनमेंट छायाचित्रण

वृत्तपत्र, मासिक, कंपनी, संस्था किंवा एखादे कुटुंब विषय, तारीख, जागा आणि मोबदला ठरवून देते आणि त्यानुसार जे व्यावसायिक छायाचित्रण होते, त्याला असाइनमेंट छायाचित्रण म्हणतात. हौशी छायाचित्रकार प्रकाश बरा नसला तर दुसऱ्या दिवशी येऊ शकतो. इथे तशी सोय नसते. ठरलेल्या वेळी, असेल त्या उजेडात आणि मिळेल त्या जागेवरून वापरता येईल असे चित्र द्यावेच लागते. त्यामुळे या व्यवसायाचा कस एखाद्या अप्रतिम फ्रेमपेक्षा हमखास निकालावर लागतो आणि तो निकाल बहुतांशी शटर दाबण्याआधीच्या तयारीतून येतो.

पूर्वपीठिका. भारतात राजा दीनदयाळ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज अधिकारी आणि संस्थानिक यांच्यासाठी नेमून दिलेली कामे केली. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) १९४२ मध्ये दिल्लीला ब्रिटिश माहिती सेवेत रुजू झाल्या आणि देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून नावाजल्या. त्यांची सुरुवातीची कामे मात्र पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली होती. अमेरिकेत १९३५ नंतर सरकारी छायाचित्रण प्रकल्पाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी ग्रामीण मंदीचे चित्रण करणाऱ्यांना काय काय टिपायचे याच्या लेखी याद्या पाठवल्या. आजच्या ‘ब्रीफ’चा, म्हणजे काम देणाऱ्याच्या लेखी सूचनांचा, तो ठळक पूर्वज. १९४७ मध्ये रॉबर्ट कापा, हेन्री कार्तिए-ब्रेसाँ आदींनी स्थापलेल्या मॅग्नम या छायाचित्रकारांच्या सहकारी संस्थेने चित्रांवरील हक्क छायाचित्रकाराकडेच राहिले पाहिजेत हे तत्त्व रुजवले.

ब्रीफ. काम घेताना चित्र कुठे आणि किती आकारात वापरले जाणार, आडवे हवे की उभे, शीर्षकासाठी मोकळी जागा सोडायची का, किती चित्रे द्यायची, किती वाजेपर्यंत द्यायची आणि जागेवर निर्णय घेणारी व्यक्ती कोण, हे लेखी विचारून घ्यावे. ‘छान चार-पाच फोटो हवेत’ एवढ्यावर निघालेला माणूस हटकून अडचणीत येतो. मुखपृष्ठाला उभे चित्र लागते आणि कार्डावर सगळी आडवी असतात, ही नेहमीची चूक. कारखान्यात काम असेल तर गेटपास, हेल्मेट, सुरक्षा बूट आणि ज्वलनशील वायूच्या भागात इलेक्ट्रॉनिक साधनांना परवानगी आहे का, याची चौकशी आदल्या दिवशीच उरकावी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकात ट्रायपॉडसाठी वेगळी परवानगी लागते.

साधने. दोन बॉडी (लेन्सविना कॅमेरे) बाळगणे हा चैनीचा भाग नाही. एकीवर २४–७० मिमी, दुसरीवर ७०–२०० मिमी, दोन्ही एफ २.८ (कमी उजेडातही चालणाऱ्या), अशी लेन्सची जोडी बहुतेक कामांना पुरते. त्यामुळे धुळीत लेन्स बदलावी लागत नाही आणि एक बॉडी बंद पडली तरी काम थांबत नाही. निघण्यापूर्वी दोन्ही बॉडींची घड्याळे सेकंदापर्यंत जुळवावीत. नाहीतर चित्रे क्रमाने लावताना गोंधळ उडतो. दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हींवर एकाच वेळी नोंद होऊ द्यावी. एका रॉ (कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ) फाइलला ३० एमबी धरले तरी २,००० फ्रेमना ६० जीबी लागतात, म्हणून १२८ जीबीपेक्षा लहान कार्ड दिवसभराच्या कामाला घेऊ नये. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या सोबतच्या बॅगेतच न्याव्या लागतात.

जागेवरची परिस्थिती. मुंबई-कोकणात पावसाळ्यात एसी गाडीतून थेट बाहेर कॅमेरा काढला की लेन्सवर बाष्प धरते. पुसले तरी ते पुन्हा येते, कारण काच अजून गारच असते. पोचण्याआधी वीसेक मिनिटे बॅग एसीच्या झोतापासून दूर, बंद ठेवून साधनांना हळूहळू कोमट होऊ द्यावे. घरी कोरड्या पेटीत सिलिका जेल ठेवले नाही तर काही महिन्यांत लेन्सच्या आत बुरशी धरते.

जेजुरीला सोमवती अमावस्येला भंडारा उधळला जातो तेव्हा खरी परीक्षा असते. हळदीची पूड अतिशय बारीक असते. झूम करताना पुढे-मागे होणारी लेन्स हवेसोबत ती आत ओढते. लांबी न बदलणारी लेन्स इथे जास्त सुरक्षित ठरते. सांध्यांवर टेप लावावा, बॉडीला पावसाळी कव्हर घालावे आणि गडावर लेन्स काढूच नये. नंतर आधी ब्लोअरने पूड उडवावी, मग मऊ ब्रश, शेवटी कापड. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचा ओलावा लागून हळद चिकटते आणि डाग बसतो.

आषाढी वारीतल्या गोल रिंगणात अश्व दौडताना शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावे. मात्र अश्व गेल्यावर वारकरी टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात, ते चित्र बहुतेकदा अधिक बोलके असते. केवळ घोड्यामागे कॅमेरा फिरवणाऱ्याच्या हातून ते निसटते. गर्दी आत घुसण्याआधी आपली बाहेर पडण्याची वाट ठरवलेली असावी. लाखोंच्या गर्दीत मोबाइल नेटवर्क कोलमडते, म्हणून निवडक चित्रे लांब बाजूला २,५०० पिक्सेलपर्यंत लहान करून पाठवावीत आणि नेटवर्क मिळणारी उंच जागा सकाळीच हेरून ठेवावी.

सभागृहात आणि रंगमंचावर वेगळीच अडचण येते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५०० सारख्या वेगात काही फ्रेम अंधाऱ्या येतात. १/१०० किंवा १/५० वर हा दोष सहसा जातो. नाटकात आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरले की एलईडी दिव्यांमुळे चित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात. रंगीत तालमीतच एक चाचणी घेऊन पाहावी.

कॅप्शन आणि संपादन. वृत्तचित्रात वस्तू काढणे वा घालणे निषिद्ध आहे. उजेड-रंगात बदल आणि चित्राच्या कडा कातरणे मर्यादेत चालते. कॅप्शनमध्ये कोण, काय, कुठे, कधी हे यावे आणि नावे डावीकडून उजवीकडे द्यावीत. नावाचे स्पेलिंग त्या व्यक्तीकडूनच लिहून घ्यावे. चित्राच्या फाइलमध्येच ही माहिती आयपीटीसी (वृत्तचित्रांच्या माहितीसाठी ठरलेल्या) रकान्यांत भरली तर वर्षांनंतरही शोध लागतो. त्याच दिवशी चित्रांच्या तीन प्रती कराव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. बॅकअप तपासून होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नये.

हक्क आणि कायदा. कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम १७ या व्यवसायातील प्रत्येकाने वाचलेच पाहिजे. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले आणि वेगळा करार नसला, तर पहिला हक्क काम देणाऱ्याचा. म्हणजे लेखी कराराशिवाय काम करणारा स्वतंत्र छायाचित्रकार नकळत आपली चित्रे गमावतो. वृत्तपत्रात नोकरीवर असलेल्याच्या बाबतीत मालकाचा हक्क वृत्तपत्रीय प्रकाशनापुरता असतो. करार नसेल तर बाकीचे हक्क छायाचित्रकाराचे. हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारत मानला जातो. म्हणून करारात वापर, मुदत आणि प्रदेश, आगाऊ रक्कम, काम रद्द झाल्यास द्यायचे पैसे, प्रवासखर्च आणि जादा तासांचा दर हे सर्व स्पष्ट असावे. जाहिरातीत दिसणाऱ्या व्यक्तीची लेखी संमती वेगळी घ्यावी.

लैंगिक अत्याचारपीडितांची ओळख उघड होईल असे चित्र देण्यास कायद्याने मनाई आहे. पीडित व्यक्ती बालक असेल तर पोक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते. केवळ चेहरा अस्पष्ट करणे पुरेसे नसते: घराचे दार, शाळेचा गणवेश, बाजूला उभ्या नातेवाइकाचा चेहरा यांवरूनही ओळख पटते, आणि गावात तर अधिकच लवकर.

शारीरिक भार. दोन बॉडी, दोन लेन्स आणि फ्लॅश मिळून चार-पाच किलो वजन दिवसभर खांद्यावर राहते. एकाच खांद्यावर पट्टा घेतल्याने मान आणि कंबर दुखावू शकते; दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा पट्टा घ्यावा. ढोल-ताशा पथकासमोर किंवा डीजेच्या भिंतीजवळ तासन्‌तास उभे राहणाऱ्यांनी इअरप्लग वापरलेच पाहिजेत. ऐकण्याची क्षमता हळूहळू कमी होते, आणि ती परत येत नाही.