वेगवान गोलंदाजाचा मणका

लांबच लांब कूच केल्यानंतर नव्या सैनिकांची पावले सुजतात आणि दुखतात, अशी नोंद प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या डॉक्टरांनी १८५५ मध्ये केली. त्या सैनिकांपैकी कोणी पडले नव्हते की कोणाला मार लागला नव्हता. पुढे क्ष-किरणांचा शोध लागला, तेव्हा अशा पावलांतील हाडांना बारीक चिरा गेलेल्या असतात हे दिसले. अपशिंगे मिलिटरीसारखी गावे असलेल्या सातारा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याची नडगी आठवडेच्या आठवडे दुखत राहते, तेव्हा त्यामागे कधीकधी हीच चीर असते. वेगवान गोलंदाजाच्या कारकिर्दीला सर्वांत मोठा धोका ज्या दुखापतीचा, तीही याच जातीची आहे. फरक इतकाच की ती पायात न होता कमरेच्या मणक्यात होते.

चेंडू सोडण्याच्या क्षणी शरीरात काय घडते ते पाहू. उजव्या हाताचा गोलंदाज धावत येतो, उडी घेतो आणि डावा पाय क्रीजवर आपटतो. त्या वेळी जमिनीकडून पायाला मिळणारा उलटा धक्का त्याच्या वजनाच्या पाच ते आठ पट असू शकतो, म्हणजे ७० किलोच्या मुलाच्या बाबतीत साडेतीनशे ते साडेपाचशे किलोंचा भार क्षणभर एका पायावर येतो. पुढचा गुडघा ताठ राहिला तर धावण्याचा वेग थेट हाताकडे जातो आणि चेंडू अधिक जोरात सुटतो, परंतु तोच ताठ गुडघा धक्काही तसाच वर पोहोचवतो. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, डावीकडे झुकलेली आणि पिळलेली असते. प्रत्येक मणक्याच्या मागील बाजूस वरच्या आणि खालच्या सांध्यांना जोडणारी हाडाची एक अरुंद पट्टी असते. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यातील डावीकडच्या पट्टीवर हा सगळा ताण एकवटतो. म्हणूनच उजव्या हाताच्या गोलंदाजाची चीर बहुधा डावीकडे सापडते.

एका चेंडूने ही पट्टी तुटत नाही, आणि ताण मुळातच वाईट असतो असेही नाही. ताण मिळालेले हाड स्वतःला अधिक भक्कम करून घेते. मात्र त्याची पद्धत रस्त्याच्या डागडुजीसारखी आहे, म्हणजे आधी खोदायचे आणि मग भरायचे. थकलेला भाग विशिष्ट पेशी पोखरून काढतात, त्याला साधारण तीन आठवडे लागतात. दुसऱ्या पेशी तेथे नवे हाड घालतात, त्याला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा कमकुवत असते. ऑस्ट्रेलियातील अभ्यासात एका सामन्यात ५० पेक्षा अधिक षटके टाकलेल्या गोलंदाजांना दुखापतीचा धोका पुढील तीन-चार आठवड्यांत वाढलेला आढळला. मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो, कारण दुखणे सुरू होते तेव्हा मूळ कारण घडून महिना होत आलेला असतो आणि दोष मात्र कालच्या सामन्याला दिला जातो. शिवाय मणक्याचे हाड पंचविशीच्या आसपास पुरते भरते, तर वेग मात्र सतराव्या-अठराव्या वर्षीच आलेला असतो.

हे अंतर किती महाग पडते ते ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्स याच्या कारकिर्दीत दिसते. नोव्हेंबर २०११ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने जोहान्सबर्गला पदार्पणाच्या कसोटीत सात बळी घेतले आणि सामनावीराचा मान मिळवला. त्याची दुसरी कसोटी मार्च २०१७ मध्ये रांचीला झाली. मधली पाच वर्षे प्रामुख्याने पाठीच्या दुखापतींत गेली. त्यानंतर, हाड पक्के झाल्यावर, तोच ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला. त्याच्या आधी, १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात, ऑस्ट्रेलियाच्याच डेनिस लिलीच्या मणक्याला अशाच चिरा गेल्या होत्या. प्लास्टर, विश्रांती आणि खडतर व्यायाम यांनंतर तो १९७४ च्या अखेरीस कसोटीत परतला आणि ३५५ बळी घेऊन निवृत्त झाला. इंग्लंडच्या जेम्स अँडरसनचे उदाहरण प्रशिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावे. दुखापत टळावी म्हणून त्याची शैली बदलण्यात आली, २००६ मध्ये त्याच्या पाठीत चीर निघाली, मग तो आपल्या जुन्या शैलीकडे वळला आणि २०२४ पर्यंत १८८ कसोटी खेळून त्याने ७०४ बळी मिळवले. खांदे एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या दिशेला ठेवणारी मिश्र शैली पाठीला घातक ठरते हे खरे, पण शरीराने वर्षानुवर्षे अंगवळणी पाडलेली शैली एकदम मोडणे हाही हाडासाठी नवाच ताण असतो. कपिल देव १३१ कसोटी खेळला आणि दुखापतीमुळे त्याची एकही कसोटी हुकली नाही. मात्र अशा अपवादावरून नियम बांधता येत नाही.

सांगलीसारख्या ठिकाणी हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. भारताचे माजी कसोटी कर्णधार विजय हजारे यांच्या या जन्मगावी, आणि आसपासच्या तालुक्यांतही, जोरात चेंडू टाकणारा मुलगा शाळेला हवा असतो, क्लबला हवा असतो, जिल्ह्याच्या निवड चाचणीला तर जायचेच असते आणि उन्हाळ्यात गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांत त्याला मागणी असते. प्रत्येक ठिकाणचा प्रशिक्षक किंवा कप्तान आपापली षटके मोजतो. सगळ्यांची बेरीज कोणाकडेच नसते. टेनिस बॉल हलका असल्यामुळे ती गोलंदाजी मोजायची गरज नाही, असा एक समज सर्रास आढळतो. क्रीजवर येणारा धक्का शरीराच्या वजनाचा आणि धावेच्या वेगाचा असतो, चेंडूच्या वजनाचा नव्हे. त्यातून काँक्रीटवर मॅट अंथरलेली खेळपट्टी असेल, तर पाय मातीत थोडासाही रुतत नाही. परीक्षेमुळे दोन महिने चेंडू हातात न घेतलेला मुलगा एप्रिलमध्ये सलग तीन दिवस पूर्ण जोराने टाकतो, तेव्हा त्याच्या मणक्यावरचा भार एका आठवड्यात शून्यावरून शिखरावर जातो. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वेगवान गोलंदाजांसाठी वयोगटानुसार एका स्पेलची, म्हणजे सलग टाकायची, आणि दिवसाची षटके ठरवून दिली आहेत. आपल्याकडे घरच्यांनी एका वहीत सरावासकट सगळे चेंडू लिहून ठेवले, तरी बरेच काम होईल.

कमरेच्या एकाच बाजूला, पाय आपटताना उठणारी आणि विश्रांतीने ओसरणारी कळ ही या दुखापतीची नेहमीची खूण आहे. सुरुवातीच्या काळात साधा एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो आणि तिथेच घोटाळा होतो, कारण ‘काही नाही, स्नायू दुखतोय’ असे म्हणून मुलगा पुन्हा मैदानात उतरतो. एमआरआयमध्ये मात्र चीर पडण्याच्या आधीची, हाडाच्या आतली सूजही दिसते आणि त्यासाठी सांगलीकरांना मिरजेच्या पलीकडे जावे लागत नाही. या टप्प्यावर गोलंदाजी थांबवली तर हाड सहसा काही महिन्यांत शस्त्रक्रियेविना जुळते. कळ थांबली म्हणजे हाड भरले असे मात्र नसते; म्हणून परतताना आधी उभ्या जागेवरून, मग अर्ध्या धावेने, एक दिवसाआड आणि मोजकेच चेंडू टाकायचे असतात, आणि पूर्ण वेग सर्वांत शेवटी आणायचा असतो.