जास्त वजनाच्या पेशंटच्या कृत्रिम गुडघ्यात स्टेम लावायचा की नाही, हा वाद आला कुठून

स्टेम म्हणजे कृत्रिम गुडघ्याच्या खालच्या भागाला जोडलेला, नडगीच्या हाडात खोल जाणारा दांडा. १९७४ मध्ये आजच्या कृत्रिम गुडघ्यांचा मूळपुरुष म्हणावा असं डिझाईन आलं तेव्हा नडगीवर बसणारा खालचा भाग नुसत्या प्लास्टिकचा होता, पेशंट बरेचसे वयस्कर नाहीतर रुमॅटॉइड संधिवाताचे, मुळात चालणं कमी. तरी खालचाच भाग आधी सैल व्हायला लागला, म्हणून प्लास्टिकखाली धातूचा ट्रे आला, भार पसरावा म्हणून. वजनाचा वेगळा विचार तेव्हा फारसा नव्हता.

आकडा आला १९८९ मध्ये, तोही अर्ध्या गुडघ्यासाठी, म्हणजे सांध्याची एकच बाजू बदलतात त्यासाठी. ८२ किलोच्या वर असेल तर अर्धा गुडघा नको. ८२ हा आकडा विचित्र वाटतो, पण पौंडात करून बघा, १८० येतात, म्हणजे गोल आकडा! पुढे मोबाईल बेअरिंगवाल्या (मधलं प्लास्टिक सरकतं अशा) अर्ध्या गुडघ्यांच्या आकडेवारीत ही अट काही टिकली नाही, पण सर्जनच्या डोक्यात ती कितीतरी वर्षं बसून होती.

आता मुद्द्याचं. साधं चालताना गुडघ्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. एक बाई ६० किलोची, दुसरी १२० ची, उंची सारखी, हाडं सारखी. तिपटीने धरलं तर एकीच्या गुडघ्यावर १८० किलो, दुसरीच्या ३६०. पण ट्रे निवडतात हाडाच्या रुंदीवरून, त्यामुळे दोघींना त्याच नंबरचा ट्रे बसतो आणि दुप्पट भार तेवढ्याच जागेवर येतो. मग आतल्या बाजूचं हाड दबतं, ट्रे तिकडे कलतो आणि पाय परत धनुकलीसारखा वाकतो. यावर उपाय म्हणून स्टेम.

आणि इथेच शब्दांचा घोळ आहे. ट्रेच्या पोटाला छोटा दांडा किंवा पंख असतोच, तो कील, पण कुणी त्यालाही स्टेम म्हणतं. वादातला स्टेम म्हणजे त्याला खाली जोडायचं एक्स्टेन्शन, आणि तेही कुणाचं ३० मिलिमीटरचं तर कुणाचं १०० चं. दोन सर्जन स्टेमवर भांडतात तेव्हा दोघांच्या डोळ्यासमोर एकच वस्तू असेल असं नाही, त्यामुळे दोन अभ्यासांचे निष्कर्ष जुळले नाहीत तर नवल नाही. विरोधकांचं म्हणणंही खोटं नाही: खर्च वाढतो, लांब स्टेमच्या टोकाशी दुखू शकतं, भार खाली गेल्यामुळे ट्रेखालचं हाड विरळ होऊ शकतं आणि रिव्हिजनला, म्हणजे गुडघा परत बदलताना, तो काढताना हाल होतात. मला विचाराल तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर आणि हाड मऊ असेल तर छोटा स्टेम लावावा, सरसकट नको.

शिवाय सगळा दोष वजनावर टाकणं सोपं आहे. पाय जाड असला की नडगीची कड आणि घोटा हाताला नीट लागत नाही, जिग (हाड कापायची दिशा दाखवणारा साचा) किंचित तिरकी बसते आणि कट मुळातच आत झुकलेला जातो. तिथे स्टेम किती वाचवणार?

सिमेंटलेसचं, म्हणजे सिमेंटने न चिकटवता हाड आत वाढून पकडतं अशा गुडघ्याचं, असंच. ८०-९० च्या दशकात स्क्रूच्या भोकांपाशी हाड खाल्लं गेल्यामुळे ते बदनाम झालं, मग सच्छिद्र टँटलम धातू आणि थ्रीडी प्रिंटेड टायटॅनियम आल्यावर परत आलं, आणि आता युक्तिवाद असा की जड माणसात सिमेंट वर्षानुवर्षांच्या ताणाने थकतं, तर आत वाढलेलं हाड जिवंत राहतं. पटतं, पण हाड आत वाढलं तर.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या सर्जनच्या एका समितीने बीएमआय ४० च्या वर ऑपरेशन पुढे ढकलायचा विचार करा असं सांगितलं, मुख्य भीती जंतुसंसर्गाची, ज्यात कुठलंच डिझाईन कामाला येत नाही. २०२३ च्या गाइडलाइनने उलट सांगितलं, फक्त वजनाचा आकडा गाठायचा म्हणून थांबवू नका. तोवर वजन उतरवणारी इंजेक्शनं आली होती, २०२४ च्या एका चाचणीत सेमाग्लुटाइडने जाड पेशंटचं गुडघ्याचं दुखणंही कमी झालेलं दिसलं. वजन ३० किलोनी उतरलं तरी हाडाची रुंदी तीच, ट्रेचा नंबर तोच, स्टेमचा निर्णय मात्र बदलू शकतो.