चाळिशी आणि बंदुकीची माशी

गावच्या जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीपाशी मी दरवर्षी थांबतो. फुगे कुणीही फोडतं. खरी गंमत फळ्याच्या कोपऱ्यात दोऱ्याला टांगलेल्या रुपयाच्या नाण्याची. दोन वर्षांपूर्वी त्या नाण्यावर मी दहा छर्रे घालवले आणि ते जागचं हललं नाही. माझ्यानंतर पुतण्याने बंदूक घेतली. इयत्ता नववी. तिसऱ्याच छर्ऱ्याला टण्ण आवाज आला. बंदूकवाल्याने माझ्या कपाळावर सरकवलेल्या चष्म्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, माशी दिसती का?"

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक उंचवटा. मागे डोळ्याकडच्या बाजूला एक खाच असते. खाचेच्या मधोमध माशी, माशीच्या डोक्यावर नाणं, की चाप ओढायचा. जुन्या मराठीत नेम धरण्याला 'शिस्त धरणे' असंही म्हणत. शाळेतल्या शिस्तीशी तिचं नातं काय ते भाषेची जाणकार मंडळी सांगतील, पण तीन वस्तू एका ओळीत मुकाट्याने उभ्या करायच्या, हे दोन्हीकडे सारखंच.

बंदूकवाल्याचा प्रश्न बरोबर होता. मला माशी दिसत नव्हती. काळपट धुरकट काहीतरी दिसत होतं, आणि खाच तर त्याहून गढूळ. नाणं मात्र लख्ख.

जर्मनीत, स्वीडनमध्ये, अमेरिकेत शिकारीची रायफल घेणारा माणूस दुकानात उभा राहिला की त्याच्यापुढे नेमका हाच प्रश्न येतो, फक्त वेगळ्या शब्दांत: वर दुर्बीण म्हणजे स्कोप बसवायचा, की खाच-माशीवर भागवायचं? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपवला, त्यामुळे हा प्रश्न आपल्या पदरी येत नाही. पण त्यातलं विज्ञान बंदुकीपेक्षा डोळ्याचं जास्त आहे, आणि डोळे सगळ्यांनाच आहेत. स्कोप चांगला कारण त्यातून मोठं दिसतं, हे लोकप्रिय उत्तर. माझ्या मते मोठं दिसणं हा त्याचा दुय्यम गुण आहे.

हात लांब करा, अंगठा उभा धरा आणि एक डोळा मिटून समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवर तो टेकवा. आता अंगठ्याच्या नखावरची रेघ आणि टाकीवरची अक्षरं एकाच वेळी स्पष्ट पाहायचा प्रयत्न करा. जमत नाही. नख स्पष्ट झालं की टाकी विरघळते, टाकी स्पष्ट झाली की नख. डोळ्याचं भिंग एका क्षणी एकाच अंतरावर जुळतं. खाच-माशीच्या बंदुकीत अंतरं तीन: खाच डोळ्यापासून साधारण ४० सेंमीवर, माशी ८० सेंमीवर, आणि सावज शंभर मीटरवर. तिन्ही एकदम नीट दिसणं कुणालाच शक्य नाही, पुतण्यालाही नाही. म्हणून नेमबाजीचे शिक्षक सांगतात, नजर माशीवर ठेव, बाकीचं पुसट दिसू दे.

किती पुसट? डोळ्याची बाहुली दिवसा साधारण ३ मिमी उघडी असते. नजर ८० सेंमीवर जुळवली तर शंभर मीटरवरच्या प्रत्येक कडेला ३५ ते ४० सेंमी रुंदीचं धुकं चढतं. युरोपातलं रो हरीण आपल्या शेळीएवढं, त्याची छाती वीतभर उंच. म्हणजे धुकं सावजाच्या छातीपेक्षा मोठं. उलट नजर हरणावर जुळवली, तर २ मिमीच्या माशीभोवती ३ मिमीचं धुकं. आणि माशी खाचेच्या मध्यापासून अर्धा मिमी सरकली, खाच आणि माशीत ४० सेंमीचं अंतर असलं, की शंभर मीटरवर गोळी साधारण १२ सेंमी बाजूला. अर्धा मिमी म्हणजे शिवणाच्या सुईची जाडी.

तरुण डोळा निदान एक तरी गोष्ट निवडू शकतो. चाळिशीनंतर ती निवडही हातातून जाते, कारण भिंग ताठ होत जातं आणि जवळच्या वस्तूवर जुळेनासं होतं. पेपर हात लांब करून वाचायला लागतो तो हाच काळ. पन्नाशीत अर्ध्या मीटरच्या आतलं धूसर होतं, साठीत साधारण मीटरभराच्या आतलं. खाच आधी जाते, मग माशी. सावज राहतं, पण त्याच्यावर काय टेकवायचं तेच दिसत नाही.

यावर भिंगाशिवायचा एक जुना इलाज आहे. पोस्टकार्डाला सुईने भोक पाडा, डोळ्याला चिकटवून धरा आणि चष्मा काढून पेपर वाचा. अक्षरं अंधारलेली पण स्पष्ट दिसतील. भोक लहान असल्याने प्रकाशाचा बारीक झोत आत येतो आणि धुकं त्या प्रमाणात आकसतं. ऑलिंपिकच्या रायफलीवर मागे खाच नसते, असंच साधारण १ मिमीचं भोक असतं, आणि पुढे माशीच्या जागी एक कडी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं ते अशाच रायफलीने. तिथे दुर्बिणीला परवानगीच नाही. पन्नास मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं. निरोगी डोळ्याला पन्नास मीटरवर साधारण १५ मिमीपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. म्हणजे जे वर्तुळ डोळ्याला सुटं दिसतच नाही, त्यात गोळी मारायची!

हे जमतं ते डोळ्याच्या एका वेगळ्याच करामतीमुळे. कुसाळे दहाचं वर्तुळ पाहत नसतो. तो भोकात कडी, आणि कडीत ११ सेंमीचा काळा गोल बसवतो, आणि सगळ्या बाजूंनी पांढरी पट्टी सारखी आहे ना एवढंच पाहतो. दोन ठिपके वेगळे ओळखण्यात आपला डोळा बेताचाच आहे, पण 'हे त्याच्या मधोमध आहे का', 'ही रेघ त्या रेघेच्या सरळीत आहे का' हे ओळखण्यात तो त्याच्या पाचदहापट पटाईत आहे. भिंतीवरची तसबीर किंचित तिरकी असली तरी पाहुण्याला खटकते, ती यामुळेच. याला हायपरअॅक्युइटी म्हणतात. हे नाव जेराल्ड वेस्टहायमर यांनी १९७५ मध्ये दिलं.

मग शिकाऱ्याने भोकाची साइट, म्हणजे नेम धरायची ही सोय, का वापरू नये? काही जण वापरतात, पण मोठ्या भोकाची. कारण हरीण आणि रानडुक्कर काही ट्यूबलाइटखाली काळ्या गोलासारखे उभे राहत नाहीत. ते बाहेर पडतात तिन्हीसांजेला, आणि बारीक भोकाला त्या वेळी उजेडच पुरत नाही.

इथे दुर्बीण येते, आणि तिच्या आधी एक कोळी येतो.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये यॉर्कशायरचा विल्यम गॅस्कॉइन हा तरुण हौशी खगोलनिरीक्षक होता. त्याची दुर्बीण केप्लरने १६११ मध्ये सुचवलेल्या पद्धतीची, म्हणजे दोन्ही बाजूंना फुगीर भिंगांची. अशा दुर्बिणीत समोरच्या भिंगाने बनवलेली प्रतिमा नळीच्या आत हवेत एका ठिकाणी तयार होते, आणि डोळ्याकडचं भिंग तिला मोठं करून दाखवतं. १६४०च्या थोडं आधी गॅस्कॉइनच्या उघड्या दुर्बिणीत एका कोळ्याने धागा ओढला, आणि तो नेमका त्या ठिकाणी. गॅस्कॉइनने डोळा लावला तर आकाशातल्या दृश्यावर एक लख्ख काळी रेघ. ही 'अद्भुत' गोष्ट त्याने पत्रात लिहून ठेवली आहे. १६४४ मध्ये तो इंग्लंडच्या यादवी युद्धात मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला.

त्या कोळ्याने काय केलं पाहा. धागा डोळ्याच्या अगदी जवळ, तारा अगणित मैलांवर. तरी दोघे एकाच पातळीत येऊन बसले. आजच्या स्कोपमधली नेम धरायची फुली तिथेच असते. तिथे खाच नाही, माशी नाही, अंतर एकच. डोळ्याकडची कडी फिरवून ते अंतर आपल्या नजरेला जुळवून घेतलं, की चाळिशी आड येत नाही. साठीच्या शिकाऱ्याला स्कोपने परत मिळते ती ही एकच पातळी. नऊपट मोठं हरीण हा वरचा नफा, आणि त्यातही खोट आहे: नऊपट स्कोपात आपल्या हाताची थरथरही नऊपट दिसते. हात तेवढाच हलत असतो, फक्त आता ते कळतं आणि माणूस घाबरून चाप हिसकतो.

तिन्हीसांजेचा मुद्दा मात्र खास आहे, आणि याबाबत दुकानदारही गोलमाल बोलतात. जर्मनीत शिकारी लाकडी मचाणावर बसतात. रानडुक्कर सोडून बाकी खुरवाल्या प्राण्यांची शिकार तिथे सूर्यास्तानंतर दीड तासापर्यंतच चालते, त्यामुळे शेवटच्या उजेडाची किंमत फार. त्यांचा आवडता स्कोप ८×५६: मोठं भिंग ५६ मिमीचं, आठपट मोठं दाखवणारं. 'यातून उजळ दिसतं' असं सांगतात. ते खरं नाही. अंधारात बाहुली ७ मिमी उघडते असं धरलं, तर ५६ मिमीचं भिंग तिच्या ६४ पट उजेड गोळा करतं. पण आठपट लांब आणि आठपट रुंद झालेलं हरीण ६४ पट जागा व्यापतं, आणि तेवढाच उजेड तेवढ्या जागेत पसरतो. हिशेब शून्य. झाडाझुडपांसारखी पसरट वस्तू कुठल्याही दुर्बिणीतून नुसत्या डोळ्यापेक्षा उजळ दिसूच शकत नाही.

तरीही फांदी कुठली आणि शिंग कुठलं हे स्कोपमधून कळतं, नुसत्या डोळ्याला कळत नाही. कारण अंधारात डोळा आपल्या शेजारशेजारच्या पेशींची कमाई एकत्र करून भागवतो, आणि त्यात बारकावा जातो. वस्तू मोठी झाली की तेवढ्या ढोबळ नजरेलाही ती पुरते. भिंगांचा दर्जा महत्त्वाचा तो इथे. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के उजेड परत फेकतो. असे दहा पृष्ठभाग ओलांडले की एक तृतीयांश उजेड वाटेतच संपतो. १९३५ मध्ये झाइस या जर्मन भिंग-कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ लेप द्यायची युक्ती काढली. संध्याकाळचा स्कोप खऱ्या अर्थाने तेव्हापासूनचा. आणखी एक विनोद: साठीत बाहुली अंधारातही जेमतेम ५ मिमी उघडते. ५६ मिमीचं भिंग परवडतं त्या वयात त्यातला निम्मा उजेड बुबुळावर सांडतो.

स्कोप याची किंमत दृश्याच्या रुंदीत वसूल करतो. नऊपट स्कोपमधून शंभर मीटरवर साधारण चार मीटर रुंद तुकडा दिसतो. हाकाऱ्यांनी उठवलेलं रानडुक्कर तीस मीटरवरून धावत गेलं, तर दिसणारा तुकडा सव्वा मीटरचा, आणि डुक्कर दीड मीटरचं. डोकं सापडतं की शेपूट, हे नशीब. शिवाय डोळा भिंगामागे आठ-दहा सेंमीवर, अगदी मध्यावर ठेवावा लागतो. जवळ नेला तर मोठ्या काडतुसाची रायफल सेकंदाला तीन-चार मीटर वेगाने मागे येते आणि स्कोपची कड भुवईवर अर्धचंद्र कोरून जाते. जुन्या शिकाऱ्यांच्या घोळक्यात असे चंद्र मिरवणारे एकदोन जण असतातच.

उघड्या साइटच्या, म्हणजे खाच-माशीच्या, बाजूने नेहमी सिमो हायहाचं नाव घेतात. हा फिनलंडचा शेतकरी, शिकारी आणि नेमबाज १९३९-४० च्या हिवाळी युद्धात खाच-माशीवरच लढला. कारणं पटणारी होती: स्कोपसाठी डोकं वर काढावं लागतं, भिंगावर ऊन चमकतं, कडाक्याच्या थंडीत काचेवर श्वास गोठतो. हे सगळं खरं. पण आणखी एक आकडा कुणी सांगत नाही. हायहाचा जन्म १९०५ चा. म्हणजे तेव्हा तो चौतिशीतला. त्याला माशी दिसत होती.

माझं म्हणणं तपासायला एक उपकरणही आहे. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने लाल ठिपक्याची साइट आणली. आत एक छोटा दिवा, पुढे तिरकी वक्र काच. काचेवरून परतलेले किरण समांतर होऊन डोळ्यात येतात, त्यामुळे ठिपका फार दूर, सावजाच्या पातळीत असल्यासारखा दिसतो. मोठं काहीच दिसत नाही, एकपटसुद्धा जास्त नाही. तरी धावत्या डुकरांमागे जाणाऱ्या शिकाऱ्यांनी तो उचलून धरला, कारण दोन्ही डोळे उघडे ठेवून एकाच अंतरावर पाहता येतं. पातळीचा फायदा शंभर टक्के, मोठेपणाचा शून्य.

म्हणून कुणी मला विचारलं, तर मी आधी त्याचं वय विचारेन, मग सावज किती वाजता बाहेर येतं ते. दाट रान, पन्नास मीटरच्या आतला मामला, पाऊस आणि तरुण डोळा असेल तर खाच-माशी पुरते, वजन वाचतं, पडली तरी रडत नाही. शेताच्या कडेची संध्याकाळ असेल तर चार ते सहापट स्कोप. त्याहून मोठ्याचा मोह माणसाला लांबून गोळी घालायला लावतो, आणि स्कोप गुरुत्वाकर्षण काही कमी करत नाही: गोळी शंभर मीटरवर साधारण ८ सेंमी खाली येते, दोनशेवर फुटाहून जास्त. जखमी होऊन रात्रभर झुडपात पडलेलं जनावर ही त्या मोहाची किंमत, आणि ती शिकारी मोजत नाही. स्कोपने रान न्याहाळण्याची सवय तर त्याहून वाईट. स्कोप जिकडे वळतो तिकडे नळीही वळते, आणि झुडपामागे मशरूम गोळा करणारी बाई असू शकते. न्याहाळायला गळ्यात साधी दुर्बीण असते.

गेल्या जत्रेआधी मी चष्म्याच्या दुकानात पाऊण नंबरचं अधिक भिंग मागितलं, फक्त उजव्या डोळ्याला. लांबच्या नंबरवर एवढं भिंग चढवलं की नजर माशीच्या थोडी पुढे जुळते. माशी बऱ्यापैकी काळी होते आणि समोरचं अगदीच वाहून जात नाही. "वाचायला हे पुरणार नाही," दुकानदार म्हणाला. वाचायला नकोय म्हटल्यावर त्याने पुढे विचारलं नाही.

जत्रेत माशी दिसली. खाच पुसट, माशी काळीभोर, वर नाणं किंचित मऊ. सहा छर्रे गेले, नाणं ढिम्म. बंदूकवाला जवळ आला, बंदूक हातात घेऊन त्याने नळीवरून एकदा पाहिलं आणि म्हणाला, "ही डावीकडं मारती, काका. बोटभर उजवीकडं धरा."

सातवा छर्रा टण्ण.