ऑटोमॅटिक गिअरची बदनामी आली कुठून?

नाशिकमध्ये नवी गाडी घ्यायची म्हटली की घरातलं एखादं मोठं माणूस हमखास सांगतं, ‘ऑटोमॅटिक नको, ॲव्हरेज देत नाही आणि बिघडली तर खर्च झेपणार नाही.’ हा सल्ला एके काळी रास्तच होता.

जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स आणला, तो स्वस्त पेट्रोलच्या अमेरिकेत. इंजिनची ताकद चाकांकडे न्यायला मध्ये क्लचप्लेटऐवजी तेल, आणि त्या घसरणाऱ्या तेलात थोडी ताकद वाया जायची. आपल्याकडे १९९०च्या दशकात झेन ऑटोमॅटिक आली ती तीनच गिअरची, त्यामुळे हायवेला इंजिन ओरडायचं. असा गिअरबॉक्स उघडणारा मेकॅनिकही सहजी मिळत नसे. याउलट १९८३ पासून रस्त्यावर असलेल्या मारुती ८०० ची क्लचप्लेट कुठल्याही गॅरेजात बदलून मिळायची. महिंद्राच्या सातपूरच्या कारखान्यातून २००२ मध्ये स्कॉर्पिओ बाहेर पडली, तीही मॅन्युअल गिअरचीच.

चित्र पालटलं ते २०१४ मध्ये, मारुती सेलेरिओच्या एएमटीमुळे, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशनमुळे. यात गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, क्लचप्लेटही तीच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. म्हणून ॲव्हरेज मॅन्युअलइतकंच मिळतं. गिअर पडताना बसणारा हलका झटकाही त्याचमुळे.

खरा कस लागतो कसारा घाटात. मुंबईहून येताना ट्रकांची रांग चढावर थांबली की अनेक जण एएमटी गाडी ॲक्सिलरेटरवरच धरून ठेवतात. आत क्लचप्लेट घासत राहते, तापते, जळका वास येतो. मॅन्युअल गाडी हाफ क्लचवर धरली तरी हेच होतं, तेव्हा दोष गाडीला देऊ नये. ब्रेक दाबून थांबावं. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे क्लचप्लेटऐवजी तेलातून ताकद नेणाऱ्या गाडीत हा घसारा तेल सोसतं, त्यामुळे चढावर ती जास्त निवांत चालते. पण ते तेल वेळेवर बदललं नाही तर आतले भाग झिजतात, आणि मग खर्च खरोखरच मोठा येतो. कोरड्या ड्युअल क्लचला, म्हणजे तेलात न बुडालेले दोन क्लच आळीपाळीने वापरणाऱ्या गिअरबॉक्सला, गिअर पटापट पडतात, मात्र रांगत्या ट्रॅफिकमध्ये तो लवकर तापतो. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पुलींवर फिरणाऱ्या पट्ट्याचा गिअरबॉक्स, सगळ्यांत मऊ. सारी भिस्त पट्ट्यावर आणि तेलावर.

म्हणून जुनी ऑटोमॅटिक घेताना आधी गिअरबॉक्स कुठल्या प्रकारचा आहे ते विचारा, मग सर्व्हिसची बिलं मागा. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी असेल तर तेल बदलल्याची नोंद बघा, एएमटी असेल तर क्लचप्लेट कधी टाकली ते.