जुन्या गेमच्या लेव्हलच्या मूळ फायली खुल्या परवान्याखाली देण्याची प्रक्रिया : पात्रता आणि कागदपत्रे

सांगली-मिरजेत नेट कॅफेच्या दिवसांत ज्यांनी ‘क्वेक’सारख्या खेळांसाठी स्वतःच्या लेव्हल (खेळातले टप्पे) रचल्या आणि ज्यांच्या मूळ फायली अजून एखाद्या सीडीवर पडून आहेत, त्यांना त्या खुल्या परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता आणि वाटता येतील अशा अटींवर, देता येतात. १९९६ च्या ‘क्वेक’चा प्रोग्राम १९९९ मध्ये जीपीएल या खुल्या परवान्याखाली खुला झाला, त्याच्या लेव्हलच्या मूळ फायली मात्र त्या खेळाच्या रचनाकारांपैकी एक असलेल्या जॉन रोमेरो यांनी २००६ मध्ये दिल्या. खेळात चालते ती कंपाइल केलेली, म्हणजे खेळाला वाचता येईल अशा रूपात बदललेली, बीएसपी फाइल. मूळ मॅप फाइल साध्या मजकुराची असते. ती नोटपॅडमध्ये उघडली की भिंतीच्या प्रत्येक बाजूसाठी कंसातले तीन बिंदू आणि पुढे टेक्स्चरचे (पृष्ठभागावर दिसणाऱ्या चित्राचे) नाव अशी एकेक ओळ दिसते. शिकणाऱ्याला हीच फाइल हवी असते.

परवाना फक्त हक्काचा मालकच देऊ शकतो, म्हणून पात्रता आधी तपासावी. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसल्यास, कंपनीचा असतो. अशा लेव्हलसाठी कंपनीचे लेखी पत्र लागते. दोघातिघांनी मिळून केलेल्या लेव्हलला सर्वांच्या सह्या हव्यात. मूळ खेळातली टेक्स्चर आणि आवाज वगळावेत.

मित्राने आपला हक्क तुमच्या नावे करून दिला असेल, तर त्या पत्रात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहून घ्यावा, कारण कलम १९ प्रमाणे मुदत न लिहिल्यास ती पाच वर्षांची आणि प्रदेश न लिहिल्यास केवळ भारतापुरता धरला जातो. आमच्या गटातल्या एका पत्रात या दोन्ही गोष्टी राहून गेल्या होत्या, आणि परदेशी गेलेल्या मित्राची सही पुन्हा मिळेपर्यंत दिवाळी जाऊन गुढीपाडवा उजाडला.

परवाना म्हणून मी जीपीएल सुचवेन, कारण त्याखाली बीएसपी वाटणाऱ्याला मूळ मॅपही द्यावा लागतो. परवान्याचा पूर्ण मजकूर, रचणाऱ्यांची नावे आणि वर्ष फायलींसोबतच ठेवावे. जुन्या फायली नीटनेटक्या करत बसू नये. अर्धवट सोडलेला कोपराही शिकवतो.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही. करायची असल्यास ऑनलाइन अर्ज करावा. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. अर्जदार आणि रचणारा वेगळे असल्यास रचणाऱ्याचे ना-हरकत पत्र जोडावे.